काहीच नसलेली जागा

आत्याची वेढणी अंगणातच पडली, याला पुरावा एवढाच की शेंगा तोडायला बसली तेव्हा ती बोटात होती आणि उठली तेव्हा नव्हती. भुईमुगाचे वेल, पाला, माती, सगळं चाळणीतून गेलं. शेजारच्या दोन कोंबड्यांवर संशय घेण्यात आला. त्यातल्या एकीची पुढच्या रविवारी आतून तपासणी झाली, पण ती निर्दोष निघाली. "जाऊ दे, भुईला दिली," असं आत्या म्हणाली खरी, पण हे वाक्य ती दिवसातून चार वेळा म्हणू लागली, तेव्हा भुईकडून ते सोनं परत घेणं भाग झालं.

नेमका त्याच सुमाराला पुण्याच्या भाच्याचा एक छंद उतरला. त्याला दर दोन वर्षांनी छंद चढतो आणि सहा महिन्यांत उतरतो. उतरलेल्या छंदाचं सामान मामाकडे येतं. बँकेतून निवृत्त होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो तो मोकळ्या जागेसाठी, आणि ती जागा भाच्याने एक दुर्बीण, मडकी घडवायचं विजेवरचं चाक आणि फुगवायची होडी देऊन भरली. आमच्या गावाला नदी नाही. आता आला मेटल डिटेक्टर. गवत कापायच्या यंत्राचं पातं काढून तिथे जेवायचं ताट बसवावं, वरच्या टोकाला कॅल्क्युलेटर लावावा आणि कानाला हेडफोन, असं ते प्रकरण होतं. आत्याने ते सगळीकडून निरखलं आणि विचारलं, "ह्यात वाढायचं काय?"

मी फोन लावला. भाचा म्हणाला, "मामा, लगेच शोधायला लागू नकोस. आधी ग्राउंड बॅलन्स कर. जिथे जमिनीत काहीच धातू नाही अशी जागा बघ, तिथे बॅलन्स कर, मग शोध."

म्हणजे, हरवलेली वस्तू शोधायला आणलेल्या यंत्राची पहिली अट ही, की अगोदर काहीच नसलेली जागा शोधा. बँकेत असताना मी अशी पुष्कळ परिपत्रकं वाचली होती, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही.

ही भानगड का करावी लागते, ते मला भाच्याने तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा कळलं. त्या ताटात तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असला की त्यात बारीकसा वीजप्रवाह फिरतो आणि तो आपलं उत्तर धाडतो. दुसरं वेटोळं ते उत्तर ऐकतं. सरळ हिशेब आहे. अडचण एकच, की माती गप्प बसत नाही. मातीत लोहाची संयुगं असतात आणि तीही उत्तर देतात. अंगठी कुजबुजते आणि माती बोंबलते. मात्र दोघींची उत्तर द्यायची वेळ किंचित वेगळी असते, म्हणून यंत्राला दाखवून द्यावं लागतं: बाई गं, ही वेळ मातीची, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस, दुसरं कोणी बोललं तर सांग.

आत्याला हे समजावून द्यायची गरज पडली नाही, कारण तिचा ग्राउंड बॅलन्स साठ-सत्तर वर्षांपूर्वीच झालेला आहे. दुपारी ती ओट्यावर डोळा लावते. आत टीव्हीवर कुणाच्या तरी सुनेला घराबाहेर काढत असतात, देवळाचा कर्णा चालू असतो, गिरणी पुकपुकत असते, नातू मोबाइलवर माणसं मारत असतो. यातल्या कशानेही तिची पापणी हलत नाही. पण स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावरचं झाकण मांजराच्या मिशीने नुसतं सरकू द्या. "कोन हाय रं तिकडं?"

माझ्या यंत्राला हे शिकवायचं होतं, आणि तेही दख्खनच्या भुईवर. इंग्लंडातल्या एखाद्या मऊ रानात हे काम सोपं असेल. आपण बसलोय साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून गोठलेल्या लाव्हावर. त्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट म्हणजे अस्सल चुंबकीय लोह असतं, आणि आमच्या रानातली काळी माती म्हणजे तोच पाषाण कुजून झालेला भुगा. बऱ्याच यंत्रांवर जमिनीचा स्वभाव शून्य ते नव्याण्णव असा आकड्यात दिसतो. खारी ओली वाळू खालच्या आकड्यांत, लोहवाली जमीन वरच्या. आमच्या अंगणाने ऐंशीच्या पुढे सुरुवात केली. त्यातून अंगण म्हणजे काही नुसती माती नव्हे. तिथे मुरूम आहे, पडक्या भिंतीच्या विटा आहेत, चार पिढ्यांच्या चुलींची राख आणि भाजलेली माती आहे. माती भाजली की तिच्यातलं लोह जास्तच बोलकं होतं. काही सुटे दगड तर नाणं सापडल्यासारखे किंचाळतात. त्यांना हॉट रॉक म्हणतात. गरम नसतात, डोक्याने तापट असतात.

असो. काहीच नसलेली जागा.

पहिल्यांदा तुळशीपाशी गेलो. यंत्र ओरडलं. खणलं तर खिळा. चार पावलं सरकलो, पुन्हा आवाज, बैलाच्या पायाची पत्री. आमची शेवटची बैलजोडी आबांनी विकली त्याला तीस वर्षं झाली, पण त्यातला खिल्लाऱ्या पत्र्या टाकून गेला होता. पुढे सायकलची आरी. पुढे सोडा बाटलीचं झाकण, मग पँटची चेन, मग चमचा (तो मी 1974 साली हरवला म्हणून मार खाल्ला होता, आत्याला दाखवला, तर म्हणाली, "तरी म्हनत हुते तूच टाकला असशील."), आणि मग आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटांची चांदी. ही चांदी इतकी निघाली की तिचा रक्तदाब कोणत्या साली किती होता याचा आलेख काढता आला असता. मी वैतागून यंत्राला चांदी वगळायला सांगणार होतो. भाचा म्हणाला, "नको मामा. पातळ सोनं आणि ही चांदी यंत्राला जवळपास सारखीच ऐकू येते. चांदी गाळलीस तर वेढणीपण गळेल." म्हणजे वेढणी हवी असेल तर आधी आत्याचा सगळा रक्तदाब उपसायला हवा.

एक ऐवज मात्र असा निघाला की आत्या ओट्यावरून उतरून आली. कमळाचं चित्र असलेलं पिवळंधमक 20 पैशांचं नाणं, 1970 सालचं. "ह्यात सोनं असतंय म्हणायची तवा," ती म्हणाली आणि पदराला पुसून तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं. त्यात सोनं नसतं. पण हे तिला सांगायला मी अजून तेवढा निवृत्त झालेलो नाही.

दुपारपर्यंत एक नवीनच प्रकार सुरू झाला. आता दर पावलाला आवाज. डावं पाऊल टाकलं की आवाज, उजवं टाकलं की आवाज. मी मोहरलो. अर्धा तास मी एका जागी खणत होतो आणि खड्ड्याच्या बाहेर पाऊल टाकलं की खजिना माझ्याबरोबर बाहेर येत होता. शेवटी लक्षात आलं की या मोहिमेसाठी मी जाड तळव्याचे बूट घेतले होते, ज्यांच्या चवड्यात पोलादी वाटी असते. बूट काढले. मग पट्ट्याचं बक्कल. मग शेजारी ठेवलेलं फावडं. तरीही हेडफोनमध्ये गुणगुण, चरचर, मधमाश्यांचं मोहोळ. भाच्याला विचारलं. तो माझ्याच खिशातल्या फोनवरून, स्पीकर लावून, अत्यंत शांतपणे मला म्हणाला, "मामा, फोन जवळ नाही ना ठेवलास? फोनमुळेपण यंत्र गोंधळतं."

"मग तुझं ऐकू कसं?"

"माझं ऐकून झालं की फोन लांब ठेव, मग यंत्राचं ऐक."

यावरून मला आठवलं की या धंद्यातला पहिला नवशिका मी नव्हे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी अंगात कुठे रुतली ते डॉक्टरांना कळेना, तेव्हा बेलसाहेबांनी धातू हुडकायचं यंत्र जुळवून आणलं. प्रयोगात ते छान चालायचं. अध्यक्षांवर फिरवलं तर जिकडेतिकडे आवाज. अध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, असं नंतर कळलं म्हणतात. सप्टेंबरात बिचारे गेले, तेव्हा गोळी भलत्याच बाजूला निघाली. म्हणजे खुद्द बेलसाहेबांनाही काहीच नसलेली जागा मिळाली नव्हती, आणि त्यांना तर टेलिफोन लांब ठेवायची अक्कल पाच वर्षं आधीच यायला हरकत नव्हती, कारण तो त्यांनीच काढला होता.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष बॅलन्सला हात घातला. कृती अशी: ताट जमिनीपासून दोन बोटं वर धरायचं, फूटभर उचलायचं, पुन्हा खाली आणायचं, आणि हेडफोनमधला बारीक षड्ज ऐकत राहायचा. खाली आणताना सूर चढला तर बटण एकीकडे, पडला तर दुसरीकडे. वरखाली करूनही सूर जागचा हलला नाही की झालं. माझे सासरे तंबोरा लावायचे तेव्हा आम्ही तासभर चहा घेत बसायचो आणि गाणं दहा मिनिटांत आटपायचं. त्या तासाचा अर्थ मला आता, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अंगणात उकिडवं बसून कळला.

नवशिक्या ज्या चुका करतो त्या सगळ्या मी मन लावून केल्या. संवेदनशीलतेचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं, कारण आपल्याकडे शेगडीपासून लाउडस्पीकरपर्यंत बटण म्हटलं की शेवटपर्यंत. सूर थरथरायला लागला. भाचा म्हणाला, "कमी कर. तापट जमिनीत ऐकायची ताकद कमी केली की जास्त खोलचं ऐकू येतं." हे वाक्य एखाद्या महाराजांच्या तोंडी शोभलं असतं, पण खरं निघालं. मग त्याने ऑटोचा मार्ग सांगितला: बटण दाबून धरायचं, ताट चार-पाच वेळा वरखाली करायचं, यंत्र आपलं आपण जमीन ओळखतं. मी केलं. यंत्राने ओळखलीही. फक्त खाली एक खिळा होता. मी त्याला खिळा म्हणजेच माती असं शिकवून ठेवलं, आणि त्या क्षणापासून त्याला अख्खं अंगण खजिना वाटू लागलं. नवीन साहेबाला पहिल्या दिवशी चुकीचा कारकून भेटला की शाखेत काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

पण सगळ्यात मोठी पंचाईत त्या वरखाली करण्याने झाली. लांबून पाहणाऱ्याला मी हापसा मारतोय असं दिसत होतं. हापसा नाही, बादली नाही, आणि माणूस भर उन्हात हापसतोय. एका पोराने कुंपणावरून विचारलं, "आजोबा, पाणी आलं का?" आणि अर्ध्या तासात दोन बातम्या गावात फिरल्या. वरच्या आळीत: पुण्याहून पाणी शोधायचं मशीन आलंय. खालच्या आळीत: अंगणात गुप्तधन लागलंय.

खालच्या आळीचं प्रकरण आधी मिटवावं लागलं, कारण एक मेंबर चौकशीला आले आणि "काही असलं तर कायद्याने सांगावं लागतंय" असं हळूच म्हणाले. मी कायदा वाचला होता. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये ही मर्यादा 1878 ची आहे आणि तिच्यावर आजवर महागाई भत्ता लागलेला नाही. गडकिल्ले आणि संरक्षित जागा तर बोलायलाच नकोत, तिथे हे यंत्र घेऊन कुदळ मारणाऱ्याला वेगळे कायदे आहेत. मी मेंबरांना माझा ढीग दाखवला: पत्र्या, खिळे, झाकणं, चांदी. योगायोगाने दारात भंगारवाला होता. त्याने तागडी धरली आणि म्हणाला, "सगळ्याचं बारा रुपये."

मेंबरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भंगारवाल्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपल्याच मालाचा भाव उतरवून घेण्यासाठी घासाघीस केली. "अहो, गंजलेलं आहे. चांदीला काय वजन आहे? पत्री तर निम्मी झिजलीय." तो अकरावर अडला. मी चहा पाजला. शेवटी नऊ रुपयांवर तोडलं आणि मेंबर निर्धास्त होऊन गेले.

वरच्या आळीची बातमी ऐकून मात्र स्वतः तात्या आले. तात्या आमच्या भागातले जुने पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालत जातात, पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. वय ऐंशीच्या आतबाहेर, अंगात बंडी, नजर सरळ माणसाच्या दीडशे फूट खाली. ते ओट्यावर टेकले, आत्याकडे अडकित्ता मागितला ("माझा पडला कुटं तरी, लई वर्सं झाली"), सुपारी कातरली, आणि मी हापसत असताना एका शब्दाने बोलले नाहीत. व्यावसायिक माणूस दुसऱ्याच्या धंद्याकडे असाच पाहतो. वकील ज्योतिषाकडे पाहतात तसा.

शेवटी म्हणाले, "किती फुटावर लागतंय ह्याला?"

"तात्या, पाणी नाही शोधत. वेढणी शोधतोय. वीतभर जातं हे."

"वीतभर!" तात्यांनी सुपारी गालात सरकवली. "मग त्ये वरखाली काय चाललंय?"

मी सांगितलं. मातीचा आवाज, काहीच नसलेली जागा, सगळं. वर इंग्लंडातली एक खरी गोष्टही सांगितली, यंत्राची इभ्रत राखायला. 1992 साली हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्याच्या मित्राने असंच यंत्र फिरवलं, तर रोमन काळातली सोन्याचांदीची जवळपास पंधरा हजार नाणी निघाली. वर हातोडाही सापडला, आणि तो हातोडासुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

"मग त्यो गडी ठोकतोय कशानं?" तात्यांनी विचारलं. हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग ते उठले. "काय नसल्याली जागा पायजे नव्हं? चल, दावतो. लांब न्हाई."

माणूस आयुष्यभर पाणी दाखवत फिरला, त्याला काहीच नसलेल्या जागांची यादी किती तोंडपाठ असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आम्ही आमच्याच माळावर गेलो. मागे आत्या, नातू, कुंपणावरचा पोरगा आणि एक कुत्रं. तात्या एका बाभळीपाशी थांबले आणि काठी टेकून म्हणाले, "हितं." मी जागा ओळखली. बारा वर्षांमागे तात्यांचा नारळ इथेच उभा राहिला होता आणि आबांनी इथेच बोअर मारला होता. साडेतीनशे फूट नुसता धुरळा. आबांनी केसिंगचा पाइपसुद्धा उपसून विकला आणि पुढे सहा महिने तात्यांशी बोलणं टाकलं होतं. इथे काही नाही, याबद्दल सबंध गावात दुमत नव्हतं. तात्यांच्या चेहऱ्यावर मात्र अपराध नव्हता. ग्राहकाला हवा तो माल काढून दिल्याचा भाव होता.

बूट घरी होते, फोन आत्याकडे. ताट खाली, वर, खाली. सूर चढला. बटण किंचित मागे. खाली, वर. अजून किंचित. एकदाचा सूर थांबला. ताट जमिनीला टेकवावं की छातीपर्यंत न्यावं, षड्ज जागचा हलेना. साडेसहा कोटी वर्षं बोंबलणारी भुई माझ्या हेडफोनमध्ये गप्प झाली. मला इतका आनंद झाला की मी हेडफोन काढून सगळ्यांना ऐकवत सुटलो. नातवाने ऐकलं, "काहीच वाजत नाही." "तेच तर!" आत्याने ऐकलं आणि काळजीने म्हणाली, "बंद पडलं व्हय रं?"

त्याच खुशीत मी ताट बाजूला झुलवलं. दोन पावलं गेलो असेन. कण्ण! इकडून झुलवलं, कण्ण. तिकडून झुलवलं, कण्ण. इतका स्वच्छ आवाज अंगणात एकदाही आला नव्हता.

खुरप्याने वीतभर उकरलं. गंजून एक झालेलं, दोन दांड्यांचं काहीतरी हाताला लागलं. माती झाडली. अडकित्ता.

कोणीच बोललं नाही. तात्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, दांड्यावरची खूण अंगठ्याने चाचपली. मग एकदम उजळले.

"बघ! नारळ उगंच हुबा ऱ्हायला नव्हता. खाली लोखंड हुतं. मी आबांस्नी म्हनलं हुतं, हितं काय तरी हाय. पानीच हाय असं कवा म्हनलं?"

नारळ उभा राहिला तेव्हा अडकित्ता जमिनीत नव्हता, तात्यांच्या बंडीच्या खिशात होता, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. पण मला माझे बूट आठवले आणि मी गप्प राहिलो.

घरी परत आलो. अंगणात यंत्र लावलं तर पुन्हा मोहोळ. माळावरचा बॅलन्स माळापुरता. अंगणाची जमीन वेगळी, तिचा पुन्हा पहिल्यापासून. तात्या ओट्यावर बसून अडकित्त्याच्या खिळीत रॉकेल सोडत होते आणि तो उघडतोय का ते बघत होते. मान वर न करता म्हणाले, "येढणी तिकडं न्हाई. तुळशीपासनं चार हात उगवतीला बघ."

"कशावरून?"

"तू बघ तरी."

मी फोन ओट्यावर ठेवला, पट्टा सोडून खुंटीला अडकवला, आणि तुळशीपासून चार हात मोजायला लागलो.